गाईडातला गहू आणि मोबाइलमधला सूर्योदय

इंग्रजीच्या वर्गात एआयला येऊ द्यायचं की नाही, हा वाद सध्या आमच्याकडे शिक्षकांच्या बैठकीपासून पालकसभेपर्यंत सगळीकडे रंगतोय. रंगतोय, पण पुढे सरकत नाही. एका गटाचं म्हणणं, पोरांच्या हाती चॅटजीपीटी लागलं की निबंध बुडाला, पत्र बुडालं, पोरगंही बुडालं; दिसेल तो मोबाइल जप्त करा. दुसऱ्या गटाचं म्हणणं, जग कुठे चाललंय बघा, बंदी घालून तुम्ही कोकणातल्या पोरांना पुन्हा मागे ठेवणार आहात. दोघंही तावातावाने यंत्राबद्दल बोलतात. मुलाला इंग्रजीत लिहायला आपण बसवतो ते कशासाठी, हे कोणी काढत नाही. मी मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवतो. माझं मत सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे भांडायला बरं. यंत्र वर्गात यावं, पण मुलाने आपल्या हाताने, चुकतमाकत, पहिला खर्डा लिहिल्यानंतर. त्याच्या आधी अजिबात नाही. आणि हा क्रम टिकवायचा तर आधी आपले प्रश्न बदलावे लागतील, कारण आज आपण जे विचारतो त्याचं उत्तर मूल स्वतः देत नव्हतंच, यंत्र यायच्या कितीतरी आधीपासून.

बंदीवाल्यांची बाजू आधी घेतो. तिला लोक समजतात तितकी ती मागासलेली नाही. तुर्कस्तानात माध्यमिक शाळेच्या सुमारे हजार विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. विषय गणिताचा होता, पण धडा आपल्याही कामाचा आहे. सरावाच्या वेळी काही मुलांना नेहमीचं, विचारलं की उत्तर देणारं यंत्र दिलं, काहींना शिक्षकांच्या सूचना भरून घडवलेलं, उत्तर न देता पुढची पायरी सुचवणारं यंत्र दिलं, उरलेल्यांना वही-पुस्तक. नेहमीचं यंत्र मिळालेल्यांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी वाढली. मग यंत्र काढून घेतलं आणि परीक्षा घेतली, तेव्हा हीच मुलं वही-पुस्तकवाल्यांपेक्षा १७ टक्के मागे पडली. बरं, आपलं काही बिघडलंय हे त्यांच्या लक्षातही आलेलं नव्हतं. पायरी सुचवणाऱ्या यंत्राच्या गटाचं असं नुकसान झालं नाही, मात्र परीक्षेत त्यांना मोठा फायदा झाला असंही दिसलं नाही. म्हणजे ‘मदतीला यंत्र, शिकेल मूल’ ही जाहिरात निदान या प्रयोगाने तरी खरी ठरवलेली नाही. अडखळणं हाच शिकण्याचा मोठा भाग असतो, आणि अडखळायच्या आधीच उत्तर हातात पडलं तर मूल शिकणार कधी? इथपर्यंत मी बंदीवाल्यांच्या सोबत आहे.

पण बंदी घालून परत जायचं कुठे? ज्या सोन्याच्या दिवसांची ते आठवण काढतात ते दिवस मी जवळून पाहिलेत. ‘माझं गाव’ असा इंग्रजी निबंध घातला की वर्गातल्या निम्म्या वह्यांत एकच गाव यायचं. त्या गावाच्या मधोमध नदी असायची, वडाचा पार असायचा आणि चहूबाजूंनी गव्हाची डुलणारी शेतं असायची. लिहिणारी मुलं दापोलीची, गुहागरची, राजापूरची. आमच्याकडे भात, नाचणी, फार तर वरी. गहू आम्हाला भेटतो तो रेशनच्या दुकानात. तरीही वर्षानुवर्षं आमच्या मुलांनी गव्हाची शेतं डुलवली, आम्ही लाल शाईने स्पेलिंग तपासलं आणि पाचापैकी चार दिले. चूक स्पेलिंगात नव्हतीच. गाईडातून निबंध घोकणं हा आमच्या पद्धतीचा अपवाद नव्हता. तीच आमची पद्धत होती. आता तोच निबंध मोबाइल लिहून देतो, तेव्हा शिक्षकाला एकदम नीतिमत्ता आठवावी, हे मला जरा गमतीचं वाटतं.

आणि निकाल? दहावीच्या निकालात कोकण विभाग २०१२ मध्ये वेगळा झाल्यापासून राज्यात पहिला येतो. २०२५ मध्ये राज्याचा निकाल ९४.१० टक्के, कोकणाचा ९८.८२. अभिमान मलाही आहे. पण त्याच उत्तीर्ण मुलांतलं एखादं कॉलेजात गेल्यावर प्राचार्यांना दोन ओळींचा रजेचा अर्ज इंग्रजीत लिहिताना घामाघूम होतं, तेही मला दिसतं. २०१९ मध्ये मंडळाने भाषा विषयांचे शाळेच्या हातातले २० गुण काढले आणि राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि निकाल ९५.३० वर गेला. नवा अभ्यासक्रम होता, इतरही कारणं होती, मान्य. तरी त्या वीस गुणांनी मुलाचं बोलणं-ऐकणं किती मोजलं जायचं आणि निकाल किती सावरला जायचा, हे प्रत्येक शिक्षकाला आतून ठाऊक आहे. या अवस्थेत ‘यंत्रामुळे इंग्रजी लेखन बुडेल’ असं म्हणणाऱ्याला विचारावंसं वाटतं, बुडायला ते तरंगत कधी होतं?

बंदी पाळली जाते की नाही हे तपासणार कसं, हा प्रश्न तर आणखी वाईट आहे. ‘हे यंत्राने लिहिलंय का’ हे ओळखणारी साधनं बाजारात आहेत. खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये असं एक साधन काढलं होतं. त्यांच्याच चाचणीत ते यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी जेमतेम २६ टक्के पकडत होतं आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर उगाच आळ घेत होतं. त्याच वर्षी जुलैत त्यांनी ते गुपचूप गुंडाळलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले निबंध त्यांना दिले, तर सरासरी निम्म्याहून अधिक निबंध त्यांनी यंत्राचे ठरवले. कारण साधं आहे. साधे शब्द आणि ठरावीक रचना दिसली की त्यांना संशय येतो. म्हणजे ज्याचं इंग्रजी तोकडं, तोच चोर ठरणार. आमच्या वर्गातल्या पोरांचं इंग्रजी कसं असतं ते वेगळं सांगायला नको. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांनी जानेवारी २०२३ मध्ये चॅटजीपीटीवर बंदी घातली आणि मे महिन्यात उठवली. त्यांना जमलं नाही ते खेडच्या खोऱ्यातल्या द्विशिक्षकी शाळेला जमेल?

आता दुसरा गट. त्यांचा सर्वांत जोरदार मुद्दा मी त्यांच्यापेक्षाही जोरात मांडतो, कारण तो मला रोज दिसतो. पुण्या-मुंबईच्या इंग्रजी माध्यमातल्या मुलाचा निबंध त्याची आई तपासते, नाहीतर ट्यूशनची बाई. आमच्या वाडीवरच्या मुलाचा बाप मुंबईला किंवा बोटीवर, आई काजूच्या कारखान्यात, घरी आजी. आजीला इंग्रजी अक्षर आणि काळा दगड सारखाच. शाळेत शिक्षक आहे म्हणावं तर तो आंतरजिल्हा बदलीच्या यादीकडे डोळे लावून बसलेला, आणि त्यात त्याचं काही चुकतंय असंही नाही. त्याचेही आईबाप गावी वाट बघतायत. २००० साली सरकारने पहिलीपासून इंग्रजी आणलं, तेव्हाही महाराष्ट्र असाच दोन तटांत भांडला. इंग्रजी हवं की नको यावर रान पेटलं. ते शिकवणार कोण, हा प्रश्न मात्र तेव्हा मागे पडला तो आजतागायत मागेच आहे. अशा मुलाला रात्री नऊ वाजता, न रागावता, न कंटाळता, ‘इज’ आणि ‘वॉज’मधला फरक मराठीत समजावून सांगणारं काही हातात आलं असेल, तर ते हिसकावून घेण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला? या प्रश्नाला बंदीवाल्यांकडे उत्तर नाही. माझ्याकडेही नाही, म्हणूनच मी बंदीच्या विरोधात आहे.

अडचण पुढे आहे. ते मूल रात्री नऊ वाजता ‘इज’ आणि ‘वॉज’ विचारत नाही. ते सांगतं, ‘माझे वडील यावर निबंध लिही.’

हर्णै बंदराच्या बाजूची एक मुलगी आहे, नववीतली. जुलै महिना होता. वर्गात मी ‘माझे वडील’ यावर पाच-सात ओळी लिहायला सांगितल्या होत्या. तिने वहीच्या मागच्या पानावर लिहिलं होतं: ‘माय फादर नॉट गो सी नाउ. बोट इज अप ऑन सँड. ही रिपेअर नेट. ही सिट इन हाउस ऑल डे अँड मदर अँग्री.’ क्रियापदं बहुतेक मोडलेली. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी ओढून वर घेतलेल्या असतात, हातात पैसा नसतो आणि दिवसभर घरात बसलेल्या नवऱ्याने घरातलं वातावरण कसं तापतं, हे सगळं त्या चार मोडक्या वाक्यांत आहे. दुसऱ्या दिवशी तिने पक्क्या वहीत, सुंदर अक्षरात जे आणलं ते असं सुरू होत होतं: ‘माय फादर इज अ हार्डवर्किंग फिशरमन. एव्हरी मॉर्निंग, ॲज द सन राइजेस ओव्हर द ओशन, ही सेट्स आउट इन हिज बोट.’ व्याकरणात एक चूक काढून दाखवावी. पण भर जुलैत बोट निघाली, आणि सूर्य समुद्रातून उगवला. हर्णैला! सुवर्णदुर्गाच्या मागे रोज संध्याकाळी सूर्य बुडताना बघत ती पोर वाढलीय.

तिला हे दिसलं नाही, असं नाही. मी विचारलं तर ती हसली आणि म्हणाली, ‘सर, इंग्लिशमध्ये तसंच असतं ना.’

मला वाटतं, या वादातला खरा मुद्दा त्या मुलीच्या उत्तरात आहे. आमच्या मुलांची पक्की समजूत झालीय की इंग्रजी ही दुसऱ्या कुठल्यातरी गावाबद्दल बोलायची भाषा आहे. तिथे गहू पिकतो, सूर्य समुद्रातून उगवतो आणि वडील कायम हार्डवर्किंग असतात. ही समजूत गाईडने घडवली, आम्ही तिला गुण दिले, आणि आता यंत्र ती अधिक सफाईने पुढे चालवतंय. यंत्राला त्या मुलीचं घर माहीत नाही; न सांगता कळणारही नाही. म्हणून ‘यंत्र सगळ्यांना समान संधी देतं’ हे अर्धंच खरं आहे. ते सगळ्यांना समान मजकूर देतं. ज्याच्याकडे स्वतःचं काही लिहून तयार आहे, त्यालाच ते त्याचं स्वतःचं काही परत देऊ शकतं.

त्याच चार ओळी मग आम्ही वर्गात यंत्राला दिल्या. माझा मोबाइल, फळ्याशेजारी पडद्यावर. सूचना दिली, वाक्य बदलू नकोस, फक्त क्रियापद कुठे चुकलं ते दाखव आणि का ते मराठीत सांग. आधी त्याने सवयीप्रमाणे सगळं गुळगुळीत करून दिलंच. दटावल्यावर ताळ्यावर आलं. ‘डझ नॉट गो’ आलं, ‘रिपेअर्स’ आलं. मग वर्गात वाद लागला की वडील ‘सिट्स’ की ‘इज सिटिंग’. एकाने तर्क लढवला, बंदी संपली की ते उठणार, मग ‘इज सिटिंग’ बरं. हा तास मी व्याकरणाचं पुस्तक उघडून कधीच घेऊ शकलो नसतो. ‘मदर अँग्री’ला ‘इज’ मिळालं आणि आई रागावलेलीच राहिली.

‘कॅल्क्युलेटर आला तेव्हाही असंच ओरडत होते’ हा यंत्राच्या बाजूने बोलणाऱ्या गटाचा आवडता दाखला. दाखला बरा आहे, फक्त अर्धवट सांगितला जातो. आपल्या मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पेपरवर आजही छापलेलं असतं की लॉग टेबल चालेल, कॅल्क्युलेटर चालणार नाही. तोच मुलगा चार महिन्यांनी इंजिनिअरिंगला गेला की पहिल्या आठवड्यात कॅल्क्युलेटर विकत घेतो, आणि कोणाची हरकत नसते. म्हणजे यंत्र कधी हाती द्यायचं, याचा क्रम ठरवणं आपल्या व्यवस्थेला नवं नाही. शिवाय कॅल्क्युलेटर गुणाकार करून देतो, गणित कुठलं मांडायचं ते ठरवत नाही. निबंधात मांडणं हेच गणित असतं.

त्यांचा दुसरा मुद्दा अधिक टोकदार आहे. नोकरीत गेल्यावर ईमेल कोण स्वतः लिहिणार आहे, मग आत्ताच एवढा हट्ट कशाला? याचं उत्तर कोकणाच्या इतिहासात आहे. मनीऑर्डरीवर चाललेल्या गावांत चाकरमान्याला पत्र लिहायचं तर बाई पोस्टमनकडे नाहीतर गुरुजींकडे जायची. ती बोलायची आपल्या बोलीत, घडाघडा: गाय आटली, सासू टोचून बोलते, पोराला ताप, पैसे कमी आले. कागदावर उतरायचं ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे, विशेष लिहिणे की’. तिचं काम होत असे. पत्र मुंबईला पोहोचे, पुढच्या महिन्यात पैसे येत. लेखनिक वाईट होता असं मी म्हणणार नाही. तहसील कचेरीबाहेर टंकयंत्र घेऊन बसणारे अर्ज लिहिणारे आजही लोकांची कामं करतात. पण जन्मभर लेखनिक असूनही ती बाई लिहायला शिकली नाही, आणि सासूचं टोचणं मुंबईला कधी पोहोचलंच नाही. कचेरीत काम व्हायला हवं, तिथे लेखनिक खुशाल असावा. शाळेत जर लेखनिकच बसवायचा, तर मूल तिथे आणायचंच कशाला?

माझे सहकारी म्हणतील, बोलायला सोपं आहे. पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास, वर्गात पन्नास-साठ पोरं, त्यातून निवडणुकीची कामं, पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती भरणं. पहिला खर्डा वर्गात लिहून घ्यायचा, तो जपायचा, मग यंत्र दाखवायचं, मग दुसरा खर्डा. वेळ कुठून आणायचा? तक्रार खरी आहे. माझं उत्तर एवढंच की निबंध कमी घाला. वर्षभरात वहीभर नकललेले निबंध तपासण्यापेक्षा थोडेच घालून प्रत्येकाचे दोन खर्डे बघणं हे कष्टाच्या हिशेबातही परवडतं. साठ वह्यांत साठ वेळा तीच चूक लाल शाईने सुधारण्याचं हमालीचं काम यंत्राला द्या की! तिथे ते उत्तम आहे, माझ्यापेक्षा चांगलं आहे आणि थकत नाही. मोबाइलही प्रत्येकाकडे लागत नाही, वर्गात एक पुरतो. मुलांनी स्वतःची खाती उघडायची तर चॅटजीपीटीच्या अटींनुसार १३ वर्षांखालच्यांना ते वापरताच येत नाही आणि १८ पर्यंत पालकांची संमती लागते. ही अट पालकसभेत सांगितलेली मी अजून ऐकली नाही.

पहिला खर्डा मराठीत, मालवणीत, संगमेश्वरीत आला तरी चालेल, असंही मी म्हणेन. यावर काही इंग्रजीचे शिक्षक भुवया उंचावतात. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढलं, तेव्हा त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी, दोन रकान्यांत छापलेला असे. कोकणातल्या एका खेड्यातून निघालेल्या त्या विशीतल्या माणसाने इंग्रजी आत्मसात केलं आणि लगेच ते इथलं काहीतरी सांगायला वापरलं, जे राज्यकर्त्यांनाही वाचता यावं. इंग्रजी त्याच्यासाठी दुसऱ्या गावची भाषा राहिली नाही, कारण शेजारच्या रकान्यात त्याचं स्वतःचं बोलणं होतं. जवळपास दोनशे वर्षांनी आपण मुलाला तो शेजारचा रकानाच द्यायला तयार नाही.

मंडळाने काय करावं? कृतिपत्रिकेत, म्हणजे परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत, पत्र, बातमी, भाषण असे प्रकार आधीच आहेत. नवं काही शोधायची गरज नाही. एकच करावं: निदान एका लेखनप्रश्नात मुलाच्या आसपासचं, ज्याचं तयार उत्तर ना गाईडात आहे ना यंत्रात, असं काही मागावं. तुमच्या गावात पावसाळ्यात दोन महिने कोणतं काम थांबतं, आणि त्याने घरात काय बदलतं? शाळेच्या हातातल्या वीस गुणांपैकी काही गुण मुलाने पहिला आणि दुसरा खर्डा समोर ठेवून कुठलं वाक्य का बदललं, हे तोंडी सांगण्यासाठी ठेवावेत. तिथे यंत्र वापरलं की नाही हे लपवण्याचं कारणच उरत नाही. यावर एक आक्षेप मला आत्ताच ऐकू येतोय: तपासणारा घाटावरचा निघाला तर मासेमारीची बंदी, ओढून घेतलेली बोट, यातलं त्याला काय कळणार, आणि तो गुण कसे देणार? त्याला कळेल असं त्या मुलीने लिहायला हवं. गुण त्यासाठीच आहेत.